गोजरबाईनं काढलेली सकाळची धार

देवळाली प्रवरेच्या अलीकडं दीड कोसावर आपलं गाव, आन् त्या गावात गोजरबाई. उंचीनं हातभर, आवाजानं कोसभर. तिनं दारात हुबं राहून म्हशीला हाळी दिली की पाटाच्या पल्याडच्या म्हशी बी माना वर करायच्या. शाळा कशाशी खात्यात ते तिला ठाऊक न्हवतं. पन म्हशीच्या कासंला एकदा हात लावला की म्हस किती दूध देनार आन् मालक किती लबाड, दोन्ही सांगायची.

घोडेगावच्या बाजाराला गडीमानसं म्हस घ्यायला निघाली की म्हनायची, "गोजरबाईला घ्या गाडीत. तिला बघून दलाल आपसूक भाव उतरवतो." पहिल्यांदा लोक हसली, बाईमानूस बाजारात काय करनार म्हनून. मंग हसायची थांबली.

ही अक्कल तिला फुकट न्हवती आली. नवी नवरी असताना सासऱ्यानं तिच्या पसंतीनं एक म्हस घेतली. कास अशी टम्म, की म्हस पाय फाकवून चालायची. घरी आनली, दुसऱ्या दिशी सकाळी धार काढाया बसली, तर चरवीचा तळ बी झाकंना. इकनाऱ्यानं दोन येळा धारच काढली न्हवती. कास तुंबवून बाजारात हुबी केल्ती. पुढं वरीसभर सासरा जेवताना म्हनायचा, "सूनबाई, तुमच्या म्हशीचं र्‍हाऊ द्या, आपल्या शेळीचं दूध वाढा."

तवापासनं गोजरबाईचा नेम झाला. सांजची धार इकनाऱ्याची, सकाळची धार गिऱ्हाइकाची. म्हस पसंत पडली तरी ती इकनाऱ्याच्या गोठ्यात मुक्काम टाकायची, सकाळी सोता धार काढायची, मंगच कनवटीचं पैसं सोडायची. इकनारा तोंड वाकडं करून म्हनायचा, "बाई, आमच्यावर इश्वास न्हाई व्हय?"

"तुमच्यावर हाय की," ती म्हनायची. "म्हस तेवढी नवी हाय."

आता तिच्या घराचं सांगते. घर चांगलं, पन वरती छप्पर उसाच्या पाचटाचं. दर वर्षी नवं शाकारायचं, दर वर्षी उंदरांनी त्यात संसार मांडायचा. एकदा तर वरनं सापाचं पिल्लू थेट ताकाच्या डेऱ्यात पडलं. त्या दिशी गोजरबाईनं आन घेतली, की घरावर पत्रं घालीन तवाच नवं लुगडं नेसंन. तूप इकलं, खवा इकला, शेनी इकल्या, आन् रुपाया रुपाया तालुक्याच्या बँकेत नेऊन ठिवला. तिथं शामकांत भाऊसाहेब म्हनून कारकून हुते, त्यांच्या घरी तिच्या तुपाचा रतीब. त्यांनीच तिचा अंगठा घेऊन पुस्तक काढून दिलं. गाव हसलं. "म्हशीचं पैसं बँकेत? आता ते तिथं वैरन खात्याल!" गोजरबाईनं पुस्तक फडक्यात गुंडाळलं आन् ज्वारीच्या कनगीत खुपसून ठिवलं.

साडेतीनशे झालं. स्वराज्य येऊन दुसरं साल लागलं हुतं, पन पत्र्यावर अजून कंट्रोल हुता. मामलेदाराकडं खेटं घालून घालून तिला वीस पत्र्यांचं परमिट मिळालं. पत्रं दोन महिन्यांनी यायचं हुतं. त्या महिनाअखेरपातूर पैसं भरायचं, न्हाईतर परमिट रद्द. मंग पुन्यांदा पाचट, पुन्यांदा उंदीर आन् पुन्यांदा तेच इटकं लुगडं.

आन् नेमकं तवाच गावात नृसिंहराव आला. गावाच्या जिभेला ते नाव वळंना, म्हनून गावानं त्याचा नरसिंगराव करून टाकला. पांढरं धोतर, काळा कोट, सोनेरी काड्यांचा चष्मा, हातात काळी छत्री आन् काखेत कातड्याची बॅग. मारुतीच्या पारावर बसला आन् म्हनला, "मंडळी, ऊस तुमचा, घाम तुमचा, आणि साखर मात्र दुसऱ्याची! हा न्याय आहे का?"

"न्हाई!" लोक म्हनली.

"म्हणून आपण आपला कारखाना काढायचा. अक्षय भांडार साखर मंडळी!" आन् त्यानं एक कागद उलगडला. कागदावर कारखान्याचं चित्र. मोठी थोरली चिमनी, चिमनीतनं काळा धूर.

बायांच्या घोळक्यातनं गोजरबाईनं इचारलं, "ही चिमनी कुठं हाय म्हनायची?"

"व्हायची आहे, मावशी."

"मंग धूर कशाचा निघतोय?"

समदा पार हसला. नरसिंगराव तर सगळ्यांत मोठ्यानं हसला. ज्याला हसलं, तोच सगळ्यांत मोठ्यानं हसाया लागला की गोजरबाईला त्याचं भ्या वाटायचं.

त्यानं समजावून सांगितलं. शंभर रुपयं टाका, दर महिन्याला दहा रुपयं घ्या, कारखाना सुरू झाला की मुद्दल दुप्पट. मशिन? मशिन तर इलायतेहून निघालंय. बोटीत हाय.

झालं! त्या बोटीनं गावाला याड लावलं. समुद्र कुनी बघितला न्हवता, पन बोट कुठवर आली ते पोरासोरांना बी ठाऊक. नरसिंगराव आठवड्याला यायचा आन् सांगायचा. बोट सुएझला आली. बोट एडनला आली, तिथं कोळसा भरतीय. न्हाव्याकडं दाढी करताना लोक बोटीचं बोलायची. लेक सासरी कशी हाय ते कुनी इचारीना, बोट कशी हाय ते इचारायची.

आन् महिना भरल्या दिशी खरंच त्यानं पारावर बसून शंभराला दहा वाटलं. कोऱ्या करकरीत नोटा, वर एकेक पेढा. शेजारच्या मुक्ताबाईनं दोनशे टाकलं हुतं, तिला वीस मिळालं. मुक्ताबाई म्हंजे अंगानं भरदार, मनानं भोळी. दहाच्या दोन नोटा एकदम बघायची तिला सवय न्हाई, त्या ती दिवसभर हातात धरून फिरली. "गोजरे, तुजं पैसं बँकेत निजल्यात बघ. माजं कसं दुडूदुडू पळत्यात."

"पळत्यात खरं," गोजरबाई म्हनली. "कुन्या दिशेला, ते बघ."

आता तिचा नवरा, छगन. गडी कामाला वाघ, पन कोनी गोड बोललं की वाघाचं मांजर. रोज जेवताना त्याचं तेच. "अगं, लोकांची घरं भराया लागली."

"आज भरल्याली दिसत्यात. कास तुंबवलेली असंल तर?"

"हर गोष्टीत तुजी म्हस आनू नगंस."

"मंग काय आनू? तुमची बोट?"

छगन गप झाला. पन गप झालेला छगन म्हंजे काहीतरी करून बसलेला छगन, हे तिला सतरा वर्सांच्या संसारात कळलं हुतं. तिनं भाकरी थापता थापता नुसतं त्याच्याकडं बघितलं. एक भाकरी झाली, दुसरी झाली. तिसरीला छगन बोलला. गाडीभाड्याचं पंचवीस रुपयं त्यानं चोरून नरसिंगरावाला दिल्ते. महिन्याचं अडीच आल्ते, ते बी त्यानं तिथंच परत टाकलं.

त्याला वाटलं, आता परात डोक्यात बसती. पन गोजरबाई हसली. "लई झ्याक केलं. म्हस आयती गोठ्यात आली. सांजची धार बघून झाली, आता सकाळची काढा."

"म्हंजी?"

"जा आन् मुद्दल मागा. याज नगं, मुद्दल. घरात अडचन हाय म्हनावं. देतोय का बघा."

छगन मुद्दल मागाया गेला. दोन घंट्यांनी आला तो छाती फुगवून.

"दिलं?"

"न्हाई... म्हंजी, तो म्हनला, छगनराव, तुमच्यासारख्या मातबर मानसाचं नुसतं पंचवीस? मला लाज वाटतीया. यादी शनवारी बंद हुनार हाय. तुमच्यासाठी एक जागा मी राखून ठिवतो. मंग समद्यांसमोर मी... हां म्हनलो."

"किती?"

"साडेतीनशे."

हातातलं भाकरीचं पीठ तसंच र्‍हायलं. पत्रं, परमिट, लुगडं, समदं तिच्या डोळ्यांपुढनं गेलं. "अवं, पंचवीस आनाया धाडलं तर साडेतीनशे घालवून आला व्हय? बरं झालं, मी तुमाला बाजारात एकट्याला सोडलं न्हाई कधी. म्हस इकायला धाडलं असतं तर दावं बी देऊन आला असता!"

"पारावर शब्द दिलाय गं. चारचौघांत आता मान खाली जाईल."

"मान खाली गेली तर वर करता येती. पैसं गेल्यावर काय वर करनार?" मंग तिनं कनगीत हात घालून फडकं काढलं. "पन ऐका. पुस्तक माजं, अंगठा माजा. गाडी जुंपा. बँकेत जाऊ."

छगनला वाटलं, बायको वळली. वाटंनं तो बैलांना बोटीच्या गोष्टी सांगत चालला.

बँकेत शामकांत भाऊसाहेब नाकावर चष्मा घेऊन बसलं हुतं. "या गोजरबाई. किती काढायचे?"

"समदं."

"सगळे? पत्रे आले वाटतं!"

"न्हाई. बोट यायचीय."

शामकांतनं टाक खाली ठिवला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आन् आवाज बारीक केला. "नृसिंहरावांची? मग बिनधास्त टाका. मीही दोनशे टाकलेत. फक्त आमच्या घरी बोलू नका हं, सरोजिनीला माहीत नाही."

गोजरबाईनं गालावर बोट ठिवलं. "आगं बया! भाऊसाहेब, तुमी बसता बँकेत आन् तुमचं पैसं बोटीत?"

"अहो, बँक वर्षाला शंभरावर तीन रुपये देते. तो महिन्याला दहा देतो!"

"मंग येवढं चांगलं हाय, तर तुमची बँकच त्याच्याकडं पैसं का ठिवीत न्हाई?"

शामकांतनं चष्मा काढून पुसला. "असा विचार... मी केला नव्हता."

"शिकल्याली मानसं इचार करीत न्हाईत, हिशेब करत्यात," गोजरबाई म्हनली. "बरं, माजं पैसं द्या."

तिनं अंगठा दिला, त्यांनी नोटा मोजून दिल्या. तिनं त्या हातात घेतल्या, उलट्या केल्या, सुलट्या केल्या, छगनला एकदा वास बी दिला. आन् मंग पुन्यांदा मेजावर ठिवल्या. "हां. आता घ्या जमा करून."

"काय?"

"पुन्यांदा ठिवून घ्या की. मला फकस्त बघायचं हुतं, मागितल्यावर देता का."

"अहो बाई, ही बँक आहे! मागितल्यावर देणारच! आत्ता दोन-दोनदा लिहायला लागणार मला!"

"लिवा. हात हाय तर लिवा." ती छगनकडं वळली. "बघितलं कारभारी? ही सकाळची धार. मागितलं की समदं चरवीत. भाऊसाहेब चिडलं, पन दिलं. तुमचा नरसिंगराव हसतोय, पन देत न्हाई. आता मला सांगा, कंची म्हस घ्यायची?"

येताना छगननं बैलांना बोटीचं काही सांगितलं न्हाई.

शामकांत मात्र मागनं पायरीपातूर पळत आलं. "शनिवारी मी पण येतो. सायकलवर. मुद्दल मागतो."

"येळेत या," गोजरबाई म्हनली. "धारंला उशीर केला की वासरू पिऊन जातं."

शनवारी पार भरला. नरसिंगराव बॅग मांडीवर घेऊन, छत्री कडेला टेकवून बसलेला. बोट मुंबईच्या समोर हुबी हाय म्हनं, फकस्त बंदरात जागा व्हायचीय. आन् समोरनं गोजरबाई आली. पदराच्या वट्यात हे येवढं गठुळं, कापडाची गाठ करकचून मारलेली. चालताना आतनं खुळूखुळू वाजायचं. जडच येवढं, की ती एका अंगाला कलून चालत हुती. मागं छगन, लगीन लागलेल्या नवऱ्यावानी खाली मान घालून.

नरसिंगरावाची नजर गठुळ्यावर जी बसली, ती उठंना. "या मावशी, या! जागा द्या रे मावशींना!"

"आल्ये बाबा. साडेतीनशे म्हनला हुता न्हवं?" तिनं गठुळं मांडीवर घेतलं आन् वरनं हात फिरवला, म्हशीला थोपटावं तसा. "पन आमच्या घरची एक रीत हाय. मोठा येवहार करताना जुना धागा ठिवायचा न्हाई. ह्यांचं पंचवीस आन् अडीच माज्या हातात दे. ते ह्याच्यात मिसळते आन् समदं मिळून माज्या अंगठ्यावर एकच पावती कर. पंचवीसचं तुकडं कशाला ठिवायचं?"

"अहो, ते माझ्याकडेच आहेत की. नुसतं कागदावर..."

"कागद मला वाचता येत न्हाई रं लेकरा. नोट तेवढी वळखती." आन् तिनं गाठीला हात घातला, जरा सैल केल्यागत. खुळूखुळू वाजलं.

साडेतीनशेपुढं साडेसत्तावीस म्हंजी काय! नरसिंगरावानं बॅग उघडली, मोजून साडेसत्तावीस तिच्या तळहातावर ठिवलं. गोजरबाईनं ते छगनला दिलं. "कारभारी, कनवटीला लावा आन् वर हात दाबून धरा." मंग ती मुक्ताबाईकडं वळली, गावाला ऐकू जाईल येवढ्या बारीक आवाजात. "मुक्ते, झ्याक हाय गं ही रीत. तू बी आपलं दोनशे एकदा हातात घे, मारुतीच्या पायाला लाव आन् परत दे. देवाचा हात लागला की बोटीला जागा मिळंल."

मुक्ताबाईला ते पटलं. देवाचं म्हनलं की तिला समदं पटायचं. "व्हय की! द्या वं माजं. लगीच देते परत."

"माजं बी!" कोनीतरी मागनं म्हनलं. "आमचं बी! पायाला लावून देतो की!" समदी बाया-मानसं उठली. कुनाच्या मनात शंका न्हवती, बरं का. लोकांना खरंच मारुतीच्या पायाला लावायचं हुतं. पन नरसिंगरावानं बॅग झटक्यात मिटली. समद्यांचं द्यायचं म्हंजे बॅगेत तेवढं पायजे ना! ह्याचं घेऊन त्याला दहा दिलेलं, त्याचं घेऊन ह्याला.

"आज नाही, मंडळी! असं करता येत नाही! बोटीचा खोळंबा होईल!"

"दोन पावलांवर तर मारुती हाय," मुक्ताबाई म्हनली. "बोटीला काय कळतंय?"

"नियम आहेत! पुढच्या शनिवारी..." तो बॅग उचलून उठाया लागला. आता मुक्ताबाई भोळी, पन दोनशे रुपयं तिचं हुतं. त्यानं छत्री घ्यायला बॅग जराशी खाली ठिवली, तेवढ्यात ती सावकाश त्या बॅगेवर बसली. आन् मुक्ताबाई बसली म्हंजे बसली. तिला उठवायला दोन बैल लागायचं.

नरसिंगरावानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मंग पोट धरलं. "जरा... परसाकडं जाऊन येतो. तांब्या मिळेल का?"

मुक्ताबाईनंच बसल्या जागंवरनं आपला पितळी तांब्या दिला. तो तांब्या घेऊन पल्याडच्या उसात शिरला. त्यो अजून आला न्हाई.

लोकांनी घंटाभर वाट बघितली. मंग पोलीस पाटलानं मानसं धाडली, ऊस धुंडाळला. उसाच्या दुसऱ्या अंगाला सडकंवर सोनेरी काड्यांचा चष्मा सापडला. काचा साध्याच हुत्या. तांब्या काही सापडला न्हाई. मुक्ताबाई त्या तांब्यासाठी पैशापरीस जास्त हळहळली.

पाटलासमोर बॅग उघडली. टाकलं त्याच्या निम्म्याहून थोडं कमी भरलं. रुपयाला सात आनं परमानं ज्याचं त्याला वाटलं. कोनी रडलं, कोनी मारुतीला नारळ फोडला. मुक्ताबाई गोजरबाईला म्हनली, "गोजरे, तुला ठाऊक हुतं तर आधी का न्हाई सांगितलंस?"

"महिनाभर सांगत हुते. तवा तुजं पैसं दुडूदुडू पळत हुतं, तुला ऐकू येत न्हवतं."

"आन् तुजं साडेतीनशे? ते तर दाखव."

गोजरबाईनं गठुळं सोडलं. आत शेंगदान्याची पेंड, आन् वाजायला वरती दहा-बारा ढब्बू पैसं. "कास तुंबवायची अक्कल काय इकनाऱ्यालाच असती व्हय?" म्हनली, आन् पेंड म्हशीपुढं टाकाया निघून गेली.

वाटण्या झाल्यावर, उन्हं कलल्यावर, शामकांत भाऊसाहेब सायकल हातात धरून घामाघूम आले. वाटंत बाभळीचा काटा टायरात घुसलेला. बॅग रिकामी. पारावर फकस्त नरसिंगरावाची काळी छत्री र्‍हायलेली. पाटील म्हनला, "भाऊसाहेब, येवढंच शिल्लक हाय. घेता का?" भाऊसाहेबांनी घेतली. काय करत्याल?

घरी सरोजिनीबाईंना कळायचं ते कळलंच. त्यांनी भांडन केलं न्हाई. पन तिथनं पुढं जरा आभाळ भरून आलं, की त्या छत्री काढून दारात हुब्या र्‍हायच्या. "घ्या, दोनशे रुपयांची आहे. हरवू नका." आन् बँकेत कोनी येऊन "अमका म्हनतो दुप्पट हुतंय" म्हनलं, की शामकांत म्हनायचे, "थांबा. आधी मुद्दल मागून बघा. नाहीतर गोजरबाईंना विचारून या."

परमिटाचं पैसं महिना संपायच्या चार दिस आधी भरलं. पत्रं आलं. छगन सोता वर चढून खिळं ठोकत हुता, आन् खाली गोजरबाई नवं हिरवं लुगडं नेसून हुबी. ठोकता ठोकता छगन कमर सरळ करायला जरा थांबला, आन् लांब पाटाच्या पल्याड बघाया लागला.

खालनं तिचा आवाज आला, समद्या आळीला ऐकू गेला.

"काय वं कारभारी, येवढं उंच चढलाच हाय तर बघा की नीट. दिसती का बोट?"